जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तापते : कारण कसे शोधावे ?

काळ्या जमिनीत वाफसा फार दिवस टिकत नाही. मृगाचा पाऊस पडून शेत तयार झाले आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात उभा राहिला, तर त्या शेतकऱ्याचा हंगाम मागे पडतो. वणी तालुक्यात वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरांवर अनेक कुटुंबांची शेती अवलंबून आहे. अशा जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार म्हणजे इंजिन तापणे. तक्रार दिसताच घाईने नवा सुटा भाग विकत आणण्याची प्रथा पडली आहे. परंतु तापणे हे दुखण्याचे लक्षण आहे, दुखणे नव्हे. पैसा खर्च करण्यापूर्वी दुखणे कोठे आहे ते शोधून काढणे अगत्याचे आहे.

उन्हाळ्यातच दोष का उघडा पडतो ?

जळालेल्या डिझेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. सुमारे तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी इंजिनाभोवतीचे पाणी वाहून नेते आणि रेडिएटरमध्ये हवेला देते. हे काम पाणी आणि हवा यांच्या उष्णतामानातील फरकावर चालते. पाणी ९० अंश सेल्सिअस व हवा २५ अंश असेल तर फरक ६५ अंशांचा असतो. वैशाखात हवा ४५ अंशांवर गेली की फरक ४५ अंशच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर सुमारे तीस टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. नेमकी त्याच दिवसांत खोल नांगरट असल्याने इंजिनावर भारही अधिक येतो. म्हणून पौषात झाकून राहिलेला दोष वैशाखात उघडा पडतो.

आपल्या भागातील दोन कारणे

पहिले कारण पाण्याचे. तालुक्यात राजूरच्या परिसरात चुनखडीचा खडक असून तेथे चुन्याच्या भट्ट्यांचा धंदा चालत आला आहे. अशा खडकातून येणारे विहिरीचे व बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यात विरघळलेला चुना वेगळा होतो आणि पाणी तापविण्याच्या भांड्याला धरतो तसा कठीण थर रेडिएटरच्या नळ्यांना व इंजिनाच्या आतील भिंतींना धरतो. हा थर उष्णता अडवतो. दर वेळी नवे जड पाणी ओतले की थरात भरच पडते.

दुसरे कारण हवेचे. सोयाबीनच्या मळणीच्या वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा असतो व त्याचा पंखा कुटार आत ओढून घेतो. त्यात रस्त्यावरील कोळशाची धूळ व गळलेले तेल मिसळले की रेडिएटरच्या पातळ पात्यांमध्ये चिकट लगदा बसतो. पुढची जाळी स्वच्छ दिसली तरी आतील पाती बुजलेली असू शकतात.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरू करावी व इंजिन पूर्ण थंड असताना करावी.

१. पाण्याची पातळी व रंग पाहावा. गंजाचा तांबडा रंग किंवा तेलाचा तवंग आढळल्यास त्याची नोंद ठेवावी.

२. रेडिएटरची पाती पाहावीत. ती इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, पाण्याच्या सौम्य धारेने धुवावीत. जोराच्या धारेने पाती वाकतात.

३. पंख्याचा पट्टा दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबावा. तो साधारण दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून फार ढिला पट्टा घसरतो व पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात.

४. झाकणाचा रबरी वायसर व स्प्रिंग तपासावी. झाकणाने अर्धा किलो दाब धरला तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निकामी असेल तर ते शंभरावरच उकळून बाहेर पडते. इंजिनाचा वेग वाढविताच खालची रबरी नळी आत चेपत असेल तर ती बदलावी.

५. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने टांगावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास, पुष्कळ इंजिनांत ८२ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे.

६. पंपाच्या खालील बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असल्यास पंपाचे सील गेले असे समजावे.

७. ट्रॅक्टर चालवून इंजिन बंद करावे आणि रेडिएटरजवळून तळहात फिरवावा. मध्येच थंड पट्टे जाणवले तर तेथील नळ्या आतून बुजल्या आहेत. त्या जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्याव्यात. घरी आम्ल वापरू नये.

८. थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नये.

तक्रार केव्हा उद्भवते यावरूनही कारण कळते. मळणीयंत्रावर उभ्याने तापतो व रस्त्यावर तापत नाही, तर हवेचा दोष पाहावा. केवळ जड नांगरटीत तापतो, तर आतील थर, ढिला पट्टा किंवा जादा भार पाहावा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापतो, तर थर्मोस्टॅट, पंप किंवा गॅस्केट पाहावे. आयशरच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने हवेने थंड होणारी आहेत. त्यांत पाणी नसल्याने इंजिनावरील पाती व पंख्याचा पट्टा यांकडेच लक्ष द्यावे.

तीन गोष्टी टाळाव्यात

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकू नये. त्याविना इंजिन योग्य उष्णतामानास पोचण्यास वेळ लागतो, डिझेल अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरते व झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी आडवाटेने फिरून रेडिएटरला टाळते.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणाऱ्या पाण्याने तोंड व हात भाजतात. किमान अर्धा तास थांबावे व जाड फडके धरून झाकण प्रथम थोडेच फिरवावे.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो. काटा वर चढताच भार काढून इंजिन काही मिनिटे मंद वेगाने चालू ठेवावे. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपले असेल तर ते तत्काळ बंद करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

अक्षय्य तृतीयेपूर्वी गावातील ट्रॅक्टर एके ठिकाणी आणवून वरील क्रमाने तपासणी करवावी. रेडिएटरसाठी छतावरून धरलेले, गाळलेले पावसाचे पाणी झाकून ठेवण्याची सवय लावावी. ते मऊ असल्याने थर धरत नाही. शक्य तेथे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात गंजरोधक कूलंट मिसळावे.

एक पट्टा ताणणे, मूठभर कुटार काढणे आणि चांगले पाणी भरणे ही कामे अर्ध्या दिवसाची आहेत. ती वेळेवर झाली तर वाफसा येईल तेव्हा ट्रॅक्टर शेतात असेल.