‘करभार’ या संज्ञेची व्याप्ती

मध्यमवर्गीय कुटुंबावर कराचे ओझे कोणत्या देशात अधिक आहे, हा प्रश्न वरकरणी अर्थशास्त्राचा आहे. परंतु त्याचे उत्तर देऊ लागताच तो संज्ञांचा प्रश्न होतो. आकडे शेजारी-शेजारी मांडण्यापूर्वी ‘कर’ कशास म्हणावयाचे हे ठरवावे लागते, आणि या बाबतीत देशोदेशींच्या व्यवहारभाषांत एकवाक्यता नाही.

जर्मनी व डेन्मार्क ही दोन राष्ट्रे उदाहरणादाखल घेऊ. जर्मन नोकरदाराच्या वेतनातून आयकर वेगळा व ‘बायट्राग’, म्हणजे अंशदान, वेगळे कापले जाते. निवृत्तिवेतन-विम्याचे अंशदान वेतनाच्या १८.६ टक्के व आरोग्यविम्याचे मूळ अंशदान १४.६ टक्के असून, दोहोंचा निम्मा वाटा नोकरदार व निम्मा मालक उचलतो. डेन्मार्कमध्ये अशी अंशदाने अत्यल्प आहेत. रुग्णालये व मूलभूत निवृत्तिवेतन यांचा खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून भागविला जातो. तेथे ‘श्रमबाजार-अंशदान’ या नावाची ८ टक्क्यांची आकारणी आहे खरी; पण आंतरराष्ट्रीय आकडेवारीत ती आयकरातच गणली जाते. नाव एक व गणना दुसरी, असा हा प्रकार होय.

आता आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचे २०२४ या वर्षाचे आकडे पाहावेत. सरासरी वेतनाच्या अविवाहित नोकरदारावर मालकाचा जो एकूण खर्च होतो, त्यात केवळ आयकराचा हिस्सा जर्मनीत सुमारे एक-सप्तमांश, तर डेन्मार्कमध्ये सुमारे एक-तृतीयांश आहे. एवढ्यावर थांबल्यास डॅनिश नागरिक दुपटीहून अधिक कर भरतो असे म्हणावे लागेल. परंतु नोकरदार व मालक या दोघांची अंशदाने मिळविली की जर्मनीचा आकडा सुमारे ४८ टक्क्यांवर जातो आणि डेन्मार्कचा सुमारे ३६ टक्क्यांवर राहतो. संज्ञेची मर्यादा सरकताच क्रम उलटला! शिवाय या मापनात मूल्यवर्धित कर धरलेलाच नाही. त्याचा सर्वसाधारण दर डेन्मार्कमध्ये २५ टक्के, तर जर्मनीत १९ टक्के आहे.

अंशदानास कर मानावे काय? भारतीय वाचकास परिचित असलेल्या भविष्यनिर्वाह निधीवरून हा मुद्दा स्पष्ट होईल. या निधीसाठी नोकरदाराच्या वेतनातून सामान्यतः १२ टक्के रक्कम सक्तीने कापली जाते. परंतु ती त्याच्याच खात्यात जमा होऊन व्याजासह त्यास परत मिळते. म्हणून सक्ती असूनही तिला कोणी कर म्हणत नाही. जर्मन निवृत्तिवेतनाच्या अंशदानातून मात्र प्रामुख्याने आजच्या निवृत्तांचे वेतन दिले जाते. भरणाऱ्यास पुढे हक्क मिळतो, साठलेली रक्कम नव्हे. हे अंशदान अशा रीतीने कर व बचत यांच्या सीमेवर उभे आहे.

‘कुटुंब’ ही संज्ञाही तितकीच संदिग्ध आहे. जर्मनीत १९५८ पासून पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र करून दोघांत समान विभागून कर आकारण्याची सोय आहे; फ्रान्समध्ये १९४५ पासून अपत्यांचीही गणना होते. भारतात पती-पत्नींच्या वेतनावर स्वतंत्रपणे आकारणी होते. त्यामुळे अविवाहित नोकरदाराच्या आकड्यावरून दोन अपत्यांच्या गृहस्थाची स्थिती अनुमानाने सांगणे सयुक्तिक नाही.

शब्दांच्या व्युत्पत्तीही उद्बोधक आहेत. करवाचक फ्रेंच शब्द ‘आंपो’ याचा मूळ अर्थ ‘लादलेले’ असा आहे. त्याच अर्थाच्या जर्मन ‘श्टॉयर’चा मूळ अर्थ मात्र ‘आधार’ किंवा ‘साहाय्य’. अर्थात् व्युत्पत्तीवरून ओझ्याचे वजन ठरत नाही. ते ठरविण्यासाठी कोणत्या आकारण्या धरल्या, कोणते कुटुंब घेतले व दिलेल्या रकमेच्या मोबदल्यात काय मिळते, हे तिन्ही सांगितले पाहिजे. जर्मन गृहस्थास आपण हलका कर भरतो असे वाटणे किंवा डॅनिश गृहस्थास आपण नागविले जातो असे वाटणे, हे दोन्ही बहुधा वेतनपत्रिकेवरील शब्दांमुळे घडते. मतदार म्हणून त्यांचा कौल त्या समजुतीवर अवलंबून असल्याने ही चिकित्सा केवळ कोशकारांपुरती मर्यादित राहू शकत नाही.