जांभळ्या वर्तुळातली गाडी

‘फोर्झा होरायझन’ हा गाड्यांच्या शर्यतींचा व्हिडिओ गेम खेळता खेळता नकाशावर मध्येच एक जांभळं वर्तुळ उमटतं. या भागात कुठल्याशा जुन्या कोठारात एक गाडी पडून आहे म्हणे, एवढीच कुणकुण लागलेली असते. नेमकी जागा कळत नाही, तिथवर नेणारी रेघही रस्त्यावर उमटत नाही. एरवी हा गेम पावलोपावली वाट दाखवतो. इथे मात्र वेग कमी करायचा, डांबरी रस्ता सोडायचा आणि झाडांच्या आडोशाला नजर लावायची. खेळणारे याला ‘बार्न फाइंड’ म्हणतात. मला हा भाग शर्यतींपेक्षाही जास्त आवडतो.

इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा गावच्या प्लेग्राउंड गेम्स या स्टुडिओने २०१२ साली या मालिकेचा पहिला भाग आणला. तो अमेरिकेतल्या कोलोराडोत घडतो आणि त्यात अशी नऊ कोठारं होती. पुढच्या भागांत दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटली, मग ऑस्ट्रेलिया, मग ब्रिटन आलं. २०२१चा पाचवा भाग मेक्सिकोत घडतो, आणि तो आला तेव्हा त्यात १४ कोठारं होती. ती एकदम खुली होत नाहीत. खेळात पुढे जाल तशी एकेक बातमी कानावर येते.

शोधण्याचंही एक तंत्र आहे. वर्तुळाच्या कडेने सुरुवात करून आत आत यावं. मुख्य रस्त्यापासून फुटलेली, कुठेच जात नाहीशी वाटणारी कच्ची वाट दिसली की ती सोडू नये. दाट झाडी असेल तर ड्रोन उडवून वरून छप्पर शोधता येतं. यूट्यूबवर प्रत्येक कोठाराचा पत्ता सहज मिळतो, पण तो पाहू नका. पत्ता कळला की उरतो तो फक्त प्रवास.

मेक्सिकोतली माझी आवडती गाडी म्हणजे १९६३ची फोक्सवॅगन बीटल. नावाजलेल्या शर्यतीच्या गाड्यांपुढे ती साधी वाटेल. पण मेक्सिकोत तिला लाडाने ‘व्होचो’ म्हणतात, आणि राजधानीत वर्षानुवर्षं हिरव्या-पांढऱ्या व्होचो टॅक्सी म्हणून धावल्या. जगातली शेवटची जुन्या घाटाची बीटल जुलै २००३मध्ये मेक्सिकोतल्याच पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्या देशाच्या कोठारात हीच गाडी सापडणं मला फार योग्य वाटतं. ती ठेवणाऱ्याने त्या मातीचा विचार केला आहे.

अशी कोठारं खरोखर असतात. रॉजे बायों या फ्रेंच वाहतूक व्यावसायिकाने १९५०च्या दशकापासून संग्रहालय काढण्यासाठी जुन्या गाड्या जमवल्या. सत्तरच्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या, आणि उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या शेतावर पत्र्याच्या शेडखाली पडून राहिल्या. २०१४मध्ये आर्तक्यूरियाल या लिलावसंस्थेचे जाणकार तिथे पोहोचले. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली त्यांना फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर दिसली. ती एकेकाळी अभिनेता अलँ दलाँची होती. फेब्रुवारी २०१५मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. त्याआधी न्यूकॅसलमध्ये एका डॉक्टरांच्या निधनानंतर त्यांच्या गॅरेजात १९३७ची बुगाटी टाइप ५७एस अटालांट मिळाली होती. जवळजवळ अर्धं शतक ती हललीच नव्हती. २००९मध्ये ती ३४ लाख युरोंच्या आसपास गेली.

बायोंच्या गाड्या विकताना कुणी धुतल्या-पुसल्या नाहीत. धूळ, गंज, फाटकी गादी, सगळं तसंच ठेवून त्या लिलावात उभ्या केल्या, आणि ग्राहकांनी नेमकं त्याचंच मोल केलं. गाडी पुन्हा कितीही वेळा रंगवता येते, पण मूळ रंग एकदाच असतो. कारखान्यातल्या कारागिराने मारलेली शिवण, मालकाच्या हाताने झिजलेलं स्टिअरिंग हे एकदा उतरवलं की परत मिळत नाही. आपल्याकडेही २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी नियम केले आणि ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आणली. त्यातली मुख्य अट हीच आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

गेमबद्दलची माझी तक्रार इथे आहे. कोठाराचं दार उघडतं, फटीतून आलेल्या उजेडात धुळीने माखलेली गाडी दिसते, आणि लगेच ती मेकॅनिककडे रवाना होते. थोडा वेळ थांबा, किंवा गेममधले पैसे मोजून काम लवकर उरकून घ्या. गाडी परत येते ती शोरूममधून नुकतीच निघाल्यासारखी लखलखीत. जे शोधायला आपण रान तुडवलं, तेच पुसून टाकलेलं असतं. तीच गाडी कोठारात न सापडता दुकानातून घेतली असती तरी अशीच दिसली असती. इंजिन, ब्रेक, टायर दुरुस्त करा, ते हवंच. पण बॉडीवरचा गंज आणि विटलेला रंग ठेवायचा की काढायचा, हे खेळणाऱ्याला ठरवू द्या.

सहावा भाग जपानमध्ये घडणार असल्याचं सप्टेंबर २०२५मध्ये टोकियो गेम शोमध्ये जाहीर झालं. पन्नास वर्षांपूर्वीची एखादी निस्सान स्कायलाइन किंवा टोयोटा तिथल्या शेडमध्ये सापडली, तर तिचा विटलेला रंग तसाच ठेवून डोंगरातल्या वळणांवर चालवायला मला मनापासून आवडेल.