पावसाचा रोजमेळ

आषाढाच्या तोंडावर घरोघरी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "हवामान बदलले, म्हणून मुलाला सर्दी झाली," हे एक. आणि रात्रीच्या बातम्या पाहून निघालेले "हवामान बदलामुळे सारे ऋतूच बिघडले," हे दुसरे. शब्द दोन्हीकडे तोच. पहिल्या वाक्यातील बदल दोन दिवसांचा असतो, दुसऱ्यातील दोन पिढ्यांचा. शालेय भूगोलाने हा घोळ निस्तरण्यासाठी एक सोय केली आहे. एखाद्या ठिकाणच्या वातावरणाची त्या-त्या वेळची स्थिती म्हणजे 'हवा', आणि एखाद्या प्रदेशातील हवेची दीर्घकालीन सरासरी स्थिती म्हणजे 'हवामान'. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतो, परीक्षेत दोन गुण मिळवतो आणि मोठेपणी विसरून जातो. त्यात त्याचा दोष तरी किती? रोजची हवा सांगणाऱ्या सरकारी खात्याचेच नाव लोकांच्या तोंडी 'हवामान खाते' असे आहे.

जुन्या लोकांना हा भेद व्याख्येवाचून ठाऊक होता. मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागते आणि त्या सुमारास पाऊस यावा, ही अपेक्षा असंख्य पावसाळ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. हे हवामानाचे ज्ञान होय. नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस, यावरून त्या वर्षीचा पाऊस सांगण्याची पंचांगातील हौस निराळी. तिला मोजमापाचा आधार नाही. साधु-साध्वींच्या चातुर्मासाचेही असेच आहे. आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या सुमारास विहार थांबतो, तो त्या दिवशीचे आकाश पाहून नव्हे. पावसाळ्यात वाटा अंकुरांनी व सूक्ष्म जीवांनी भरून जातात, हे निरीक्षण शतकानुशतकांचे आहे. एखाद्या वर्षी चतुर्दशीला लख्ख ऊन पडले, म्हणून कोणी मुनी विहाराला निघत नाहीत.

व्यापारी घरातील वाचकाला हा भेद दुकानाच्या वह्यांवरून चटकन उमजेल. रोजमेळात त्या दिवसाची आवक-जावक असते. एका सणाच्या दिवशी गल्ला ओसंडला, म्हणून जाणता दुकानदार धंदा वाढल्याचे जाहीर करत नाही. एका मंद आठवड्यावरून दुकान बसले असेही म्हणत नाही. त्यासाठी अनेक वर्षांचे ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवून पाहावे लागतात. परंतु ताळेबंद निघतो तो रोजमेळातूनच. रोजच्या नोंदी चुकीच्या असतील, तर वर्षाअखेरीची बेरीज कितीही सुबक अक्षरात लिहिली तरी खोटीच ठरते. हवा आणि हवामान यांचे नाते नेमके असे आहे. हवामानाची 'सामान्य' स्थिती ठरवताना शास्त्रज्ञ निदान तीस वर्षांच्या रोजच्या नोंदी घेतात, कारण त्याहून कमी काळात एखाददुसरे विचित्र वर्ष सरासरीला भलतीकडे ओढून नेते.

मुंबईकर ज्या दिवसाची आठवण आजही काढतात, तो २६ जुलै २००५ चा दिवस या संदर्भात फार बोलका आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. त्या हिशेबाने प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी कोसळले. तेथे संपूर्ण जुलै महिन्यात सरासरीने जेवढे पडते, त्याहूनही हे अधिक. त्याच चोवीस तासांत, त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलीमीटर पाऊस झाला. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर असेल. कुलाब्यापुरते पाहिले, तर तो पावसाळ्यातला एक बऱ्यापैकी ओला दिवस होता. उपनगरांत मात्र त्याच संध्याकाळी माणसे गाड्यांत अडकून, भिंतींखाली, दरडींखाली प्राणाला मुकत होती.

हवा किती लहरी आणि किती स्थानिक असते, याचा याहून ठळक दाखला शोधूनही मिळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रश्न विचारला जाऊ लागला: हा हवामान बदलाचा परिणाम आहे काय? त्या एका दिवसाच्या आकड्यावरून याचे उत्तर देता येत नव्हते. शास्त्रज्ञांनी तसे सांगितले, तेव्हा अनेकांना ती टाळाटाळ वाटली. वास्तविक ती प्रामाणिकता होती. उत्तर शोधायचे, तर जुने रोजमेळ उघडणे भाग होते.

ते रोजमेळ भारतात आहेत, हे या देशाचे मोठेच भाग्य. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि तेथे १८४१ पासून नियमित नोंदी होऊ लागल्या. देशव्यापी खाते स्थापन होण्यास मात्र आपत्तींचा धक्का लागला. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आदळले. १८६६ व १८७१ मध्ये पाऊस रुसला. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते अस्तित्वात आले आणि हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयात हिवाळ्या-वसंतात बर्फ अधिक साचले, तर पुढचा पाऊस कमी होतो, असा संबंध त्यांनी मांडला. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला.

पुढे १८९९ चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून त्याला 'छप्पनिया' म्हणतात. मारवाड-गुजरातेतून महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांत हा शब्द अजूनही कानावर पडतो. त्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे निष्णात गणिती होते. हवामानशास्त्राचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. त्यांनी भारतीय कारकुनांचा मोठा गट बसवून जगभरच्या ठिकाणांचे वायुभार, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. संगणक नव्हते, सारी आकडेमोड हाताने. त्यातून त्यांना दिसले की प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो घटतो आणि उलटही होते, जणू एकच प्रचंड तराजू. याला त्यांनी 'दक्षिणी दोलन' म्हटले. मान्सूनचा खात्रीचा अंदाज त्यांना अखेरपर्यंत साधला नाही. मात्र ज्या एल निनोचे नाव आज प्रत्येक उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत झळकते, त्याचे या दोलनाशी असलेले नाते १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी उलगडले. छप्पनियाच्या सावटाखाली सुरू झालेला हा हिशेब असा सत्तर वर्षांनी, भलत्याच महासागरात जाऊन लागला.

खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून शिमल्याला आणि १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी वास्तूला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला हलले, तरी पुण्यातील काम चालूच राहिले. तेथेच १९४८ मध्ये ॲना मणी रुजू झाल्या. केरळात जन्मलेल्या, चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केलेल्या आणि लंडनहून हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन आलेल्या या विदुषींचे कार्य सामान्य वाचकाला फारसे माहीत नाही. त्या काळी साधा तापमापकही परदेशातून आणावा लागे. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांची देशात निर्मिती सुरू करवली. चुकीचे मोजण्यापेक्षा मुळीच न मोजलेले बरे, असा त्यांचा आग्रह असे. एका गावचा तापमापक अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तर त्या दिवशी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु शतकभरात पृथ्वीचे सरासरी तापमान एखाद्या अंशाने वाढले की नाही, असा प्रश्न येतो, तेव्हा तोच अर्धा अंश साऱ्या निष्कर्षाची वाट लावतो. तापमापक उन्हात न टांगता झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, तेही यासाठीच. (ही पेटी योजणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहांचे अभियंते, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील.)

येथे एक शंका चाणाक्ष मुले नेहमी विचारतात, आणि ती मोठ्यांनीही विचारावी अशीच आहे. पुढच्या महिन्यातील अमुक तारखेला पाऊस पडेल का, हे ज्यांना सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचे हवामान कसे सांगतात? पहिली अडचण खरी आहे. अमेरिकेतील एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकावर हवेचे एक साधे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरे इतकी वेगळी झाली की त्यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. हवेच्या आजच्या स्थितीचे ज्ञान कधीच परिपूर्ण नसते. म्हणून दिवसवार अंदाजाला सुमारे दोन आठवड्यांची मर्यादा पडते. मात्र हवामानाचा प्रश्न 'त्या दिवशी काय होईल' असा नसतोच. विमा कंपनीला एकाही ग्राहकाच्या मृत्यूची तारीख ठाऊक नसते, तरी हजारो ग्राहकांच्या सरासरीवर तिचा व्यवहार बिनचूक चालतो. सरासरी ठरवणाऱ्या गोष्टी संथपणे बदलतात: समुद्राचे तापमान, बर्फाचे आच्छादन, हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्याच्या एका खेड्यातून आलेले जगदीश शुक्ल आणि अमेरिकी शास्त्रज्ञ जूल चार्नी यांनी १९८१ मध्ये दाखवले, की उष्ण कटिबंधात समुद्राचे तापमान साऱ्या हंगामाला वळण देते. त्यामुळे एकेक दिवस हाती लागला नाही, तरी मान्सूनची हंगामी सरासरी काही अंशी आधी सांगता येऊ शकते.

जुने रोजमेळ उघडल्यावर काय दिसले? देशभरातील अठराशेहून अधिक केंद्रांच्या दैनंदिन नोंदींवरून पुण्याच्या हवामान खात्याने पावसाची एक सलग सारणी तयार केली. तिचा आधार घेऊन बी. एन. गोस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मान्सूनच्या एकूण पावसात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. परंतु एका दिवसात १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे दिवस घटले होते. बेरीज तीच, पडण्याची रीत बदललेली. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांना आढळले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्यांना बाष्प पुरवण्यात तापत्या अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे. भौतिकशास्त्र याला पाठिंबा देते. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ओंजळ मोठी झाली. ती रिती होते, तेव्हा धार मोठी पडते.

हवामान खात्याने २०२० मध्ये पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सामान्य तारखाच नव्याने ठरवल्या. केरळचा १ जून कायम राहिला, मुंबईचे आगमन १० वरून ११ जूनला गेले. परतीत मात्र मोठा फरक पडला. वायव्य राजस्थानातून पाऊस १ सप्टेंबरला निघतो असे मानत, ते आता १७ सप्टेंबर. मुंबईतून २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर. यातील सारेच मानवनिर्मित तापमानवाढीच्या खाती टाकणे घाईचे होईल, कारण मान्सूनला स्वतःचे दशकांचे चढउतार आहेत आणि मोजण्याची पद्धतही सुधारली आहे. परंतु भात कापणीला आला असताना पाऊस रेंगाळला, की शेतकऱ्याला हा फरक खळ्यातच दिसतो.

या भेदाचे मोल शहरात गटाराच्या रुंदीत मोजले जाते. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलीमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, हे गृहीत धरून बांधलेली होती. ज्या काळी ती बांधली, त्या काळच्या हवामानाला ते धरूनच असावे. २६ जुलैच्या दुपारी सांताक्रूझला तासाभरात १०० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला. नव्या वाहिन्यांसाठी ताशी ५० मिलीमीटरचे माप धरले गेले. शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकही बसले, कारण दोनच वेधशाळांच्या डोळ्यांनी एवढे पसरलेले शहर दिसत नाही हे त्या दिवशी कळून चुकले. पूल, धरणाचे सांडवे, पीकविमा, सोसायटीचे तळघर, साऱ्यांचे हिशेब जुन्या सरासरीवर बेतलेले असतात. सरासरीच सरकू लागली, तर ते हिशेब कोणत्या वर्षापासून नव्याने मांडायचे, हा अभियंत्यांपुढील आजचा खरा पेच आहे.

मुलांना हे शिकवायचे, तर पाठांतरापेक्षा गच्चीवरील एक बाटली अधिक उपयोगी पडते. सरळ भिंतींची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी आणि कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळाच्या खोलगट भागात खडे टाकून वर सपाट पातळीपर्यंत पाणी भरावे, ती शून्याची खूण. तेथून वर मिलीमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली भिंत व झाड यांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावी. खात्याची पर्जन्यमापनाची वेळही तीच. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलीमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर पाणी, हे गणित मूल स्वतःच करील. पाऊस न झालेल्या दिवशीही वहीतील रकाना मोकळा सोडू द्यायचा नाही. तेथे शून्य लिहायचे. कोरा रकाना पाहून वीस वर्षांनी कोणाला कळणार, की त्या दिवशी पाऊसच पडला नव्हता, की मोजायला कोणी गच्चीवर गेलेच नव्हते?