गर्भिणीचे सौमनस्य : वैद्याचे कर्तव्य

गर्भिणी चिकित्सालयात आली की आपण तिची नाडी पाहतो, वजन व रक्तदाब नोंदवितो, पांडुता आहे का ते तपासतो आणि मासानुमासिक परिचर्या सांगतो. तिचे मन कसे आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, श्रेष्ठ भावांची जी गणना आली आहे, तीत गर्भधारणेस हितकर गोष्टींमध्ये सौमनस्यास अग्रस्थान दिले आहे. त्याच गणनेत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषाद अग्रणी सांगितला आहे. ही दोन वचने आपणा सर्वांना परिचित आहेत. प्रश्न आहे तो त्यांचा अर्थ आपण कसा लावतो याचा.

समाजात या उपदेशाचा अर्थ बहुधा उलटा लावला जातो. ‘तू आनंदी राहा, नाहीतर बाळावर परिणाम होईल,’ असे गर्भिणीला वारंवार बजावले जाते. जिचे मन आधीच खचले आहे, तिच्यावर त्यामुळे अपराधाच्या भावनेचे नवे ओझे पडते आणि ती आपले दुःख अधिकच लपविते. शारीरस्थानात गर्भिणीचा उपचार तेलाने काठोकाठ भरलेले पात्र जपावे तसा करावा, असे सांगितले आहे. पात्र हिंदकळू न देण्याची जबाबदारी ते धरणाऱ्याची असते, पात्राची नव्हे. म्हणजेच सौमनस्य ही गर्भिणीला केलेली आज्ञा नसून तिच्या कुटुंबावर आणि वैद्यावर टाकलेले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.

व्याधीची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना मानसिक विकार, मुख्यत्वे अवसाद म्हणजे डिप्रेशन, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण गर्भावस्थेत १५.६ टक्के व प्रसूतीनंतर १९.८ टक्के आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात गर्भवतींची नोंद करून पुढे त्यांचा पाठपुरावा करणारा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये अवसाद आढळला आणि त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गर्भावस्थेतच मानसिक त्रास होता. सहा महिन्यांनीही निम्म्याहून अधिक जणी बऱ्या झालेल्या नव्हत्या. आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागील प्रमुख कारणे होती. सूतिकावस्थेत दिसणाऱ्या व्याधीचे पूर्वरूप बहुधा गर्भावस्थेतच ओळखता येते, हा या अभ्यासाचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा बोध.

आपल्या परिसरातील गर्भिणी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना तिची परिस्थिती ठाऊक असते. कोकणातून वा घाटावरून लग्न होऊन आलेली मुलगी चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसांत राहते. तिथे रडायलाही आडोसा नसतो. काही जणी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत लोकलच्या गर्दीतून नोकरीला जातात. सातव्या महिन्यात थाटात डोहाळजेवण होते. फुलांची वाडी भरून सजलेल्या त्या चेहऱ्यामागे काय चालले आहे, हे कोणी विचारीत नाही. पुढे ती बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि तिची आजवरची सर्व माहिती येथेच राहते.

‘मला नैराश्य आले आहे,’ असे ती म्हणणार नाही. ‘जीव घाबरतो’, ‘छातीत धडधडते’, ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, अशा भाषेतच ती बोलेल. शिरःशूल, अम्लपित्त, निद्रानाश यांसाठी ती पुनःपुन्हा येईल आणि तपासण्यांत विशेष काही सापडणार नाही.

निदानातील विवेक

थकवा, झोपेतील बदल व अरुची ही लक्षणे प्राकृत गर्भावस्थेतही असतात. म्हणून केवळ त्यांवर विसंबता येत नाही. पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतांश वेळ टिकली, तर सावध व्हावे : सततची उदासी, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, निराशा, आपण निरुपयोगी आहोत अशी भावना, येणाऱ्या बाळाविषयी काहीच न वाटणे, निवांत वेळ असूनही झोप न लागणे. थोपविता न येणारी काळजी, अकारण भीतीचे झटके आणि बाळाच्या हालचालींविषयी वारंवार खात्री करून घेणे ही चिंताविकाराची चिन्हे होत. पांडुरोग, थायरॉईडचे विकार व बी-१२ ची कमतरता यांची तपासणी अवश्य करावी.

प्रत्येक मासिक भेटीत दोन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. ‘गेल्या महिन्यात वारंवार उदास किंवा हताश वाटले का?’ आणि ‘कशातच गोडी वाटत नाही, असे होते का?’ एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास सविस्तर विचारपूस करावी. त्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिनबर्ग प्रश्नावली उपयुक्त आहे. तीत १० प्रश्न असून ती गेल्या ७ दिवसांतील मनःस्थिती विचारते. मात्र ती चाळणी आहे, निदान नव्हे.

हे प्रश्न एकांतात विचारावेत. बरोबर आलेल्या सासूबाईंना किंवा पतीला तपासणीच्या वेळी बाहेर बसण्याची नम्रपणे विनंती करावी. घरात मारहाण वा छळ होतो का, हेही त्याच वेळी विचारावे. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारण्यास कचरू नये. विचारल्याने ते विचार मनात उत्पन्न होत नाहीत. उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

चिकित्सा आणि मर्यादा

लक्षणे सौम्य असतील तर सत्त्वावजय चिकित्सेस प्राधान्य द्यावे. तिचे बोलणे मधे न तोडता ऐकावे. कुटुंबीयांना बोलावून तिच्या कामाचा भार, विश्रांती व झोप यांची व्यवस्था लावावी. नियमित आहार, प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीने चालणे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट हे ठरवून द्यावे. गोव्यातच प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी अवसादग्रस्त गर्भवतींना घरी जाऊन आधार देण्याचा प्रयोग झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, असा आधार मिळालेल्या स्त्रियांमध्ये प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक दिसले.

औषधांबाबत कठोर विवेक हवा. सर्पगंधा गर्भिणीला देऊ नये. तिच्यातील रेसरपीन स्वतःच अवसाद उत्पन्न करू शकते. अश्वगंधा, वचा यांसारखी द्रव्ये केवळ ‘मेध्य’ वा ‘बल्य’ म्हणून गर्भावस्थेत सहज वापरणे टाळावे. आधीपासून चालू असलेली मानसविकारावरील औषधे आपण बंद करू नयेत व रुग्णेलाही करू देऊ नयेत. एकाएकी औषध थांबविल्यास व्याधी उलटण्याचा धोका असतो. व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भास अपायकारक आहेत. परंतु बदलाचा निर्णय मानसरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून, त्वरेने घ्यावयाचा असतो.

मध्यम वा तीव्र लक्षणे, आत्मघाताचे विचार, भ्रम, कानी आवाज येणे, झोपेवाचूनही अतिउत्साह, किंवा पूर्वी उन्माद अथवा प्रसूतीनंतर गंभीर मनोविकार झाल्याचा इतिहास असल्यास रुग्णेस तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब लावू नये. आत्मघाताचा धोका वाटल्यास तिला क्षणभरही एकटी सोडू नये आणि सोबत देऊन त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, अहोरात्र उपलब्ध आहे व तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयाच्या भिंतीवर असावा. रुग्णा माहेरी जाणार असेल, तर तिच्या संमतीने तिकडील वैद्यांसाठी चिठ्ठी द्यावी.

‘वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, बाळ हिरावून घेतील,’ ही भीती अनेकींना असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही आणि रुग्णाची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. हे तिला व कुटुंबाला समजावून सांगावे.

तज्ज्ञाकडे पाठविण्यात आयुर्वेदाचा कमीपणा मुळीच नाही. पक्व गुल्माच्या चिकित्सेत शस्त्रकर्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाचा आहे, असे प्रत्यक्ष चरकसंहितेनेच मान्य केले आहे. आपण मात्र रुग्णेची साथ सोडू नये. तज्ज्ञांचे उपचार चालू असतानाही तिची परिचर्या व विचारपूस चालू ठेवावी. गर्भिणी ज्या विश्वासाने आपल्या हाती नाडी देते, त्याच विश्वासाने ती मनही उघडू शकेल. त्यासाठी आधी आपण विचारले पाहिजे. पुढच्या मासिक भेटीपासूनच सर्व वैद्यबंधुभगिनींनी वरील दोन प्रश्न आपल्या नोंदपत्रकात समाविष्ट करावेत, ही विनंती.