पूर ओसरल्यानंतरचा बाजार

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. पाणी ओसरल्यावर मी शिरोळ तालुक्यात एका नातलगाच्या घरी गेलो होतो. माजघरात गुडघाभर गाळ होता. भावकीतली पोरे घमेली घेऊन उभी होती, कोणी पाणी उपसत होते, कोणी भिजलेले धान्य बाहेर टाकत होते. चार दिवसांत घर राहण्याजोगे झाले. त्या कामाची मजुरी कोणी मागितली नाही आणि कोणी देऊ केली नाही.

आता मी सांगतो त्या देशात हेच काम हा एक मोठा धंदा आहे. अमेरिकेत घरात पाणी शिरले, की विमा कंपनीला फोन होतो आणि पाठोपाठ साफसफाई करणाऱ्या कंपनीची गाडी पंप, पंखे आणि ओल शोषणारी यंत्रे घेऊन दारात येते. सर्व्हप्रो ही त्यांतली एक नावाजलेली कंपनी. १९६७ साली कॅलिफोर्नियात रंगकामाचा धंदा म्हणून ती सुरू झाली. नाव कंपनीचे, धंदा गावोगावच्या चालकांचा, आणि त्यांच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा वर जायचा, अशी तिची रीत. २०१९ साली ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक संस्थेने तिचा बहुतांश हिस्सा विकत घेतला. त्याच वर्षी बेलफोर ही याच धंद्यातली दुसरी मोठी कंपनी अमेरिकन सिक्युरिटीज या संस्थेकडे गेली. गाळ काढण्याच्या धंद्यावर एवढ्या श्रीमंतांची नजर का जावी?

या संस्थांना इंग्रजीत प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. आपण खासगी भांडवल संस्था म्हणू. त्यांची रीत समजायला बैलजोडीचा दाखला पुरेसा आहे. समजा, एकाला एक लाखाची बैलजोडी घ्यायची आहे. तो पदरचे तीस हजार घालतो आणि सत्तर हजार सावकाराकडून उचलतो. पण कर्जाचा कागद होतो तो बैलजोडीच्या नावावर! म्हणजे बैलांनी भाड्याने राबून हप्ते फेडायचे. हप्ते थकले, तर सावकाराने बैल न्यावेत. मालकाच्या घराला नि शेताला धक्का नाही. पाच वर्षांत कर्ज फिटले, की मालक जोडी दीड लाखाला विकून मोकळा. तीस हजारांचे दीड लाख झाले. मात्र त्या पाच वर्षांत बैलांना वैरण किती मिळाली, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत कुठे येत नाही.

आणि ते तीस हजार तरी त्याचे स्वतःचे कुठे असतात? तेही बहुतेक भिशीतून आलेले. या संस्थांचा पैसा पुष्कळसा येतो तो निवृत्तिवेतन निधी, विमा कंपन्या आणि विद्यापीठांच्या ठेवी यांच्याकडून. तो सांभाळण्याबद्दल दरसाल सुमारे दोन टक्के, आणि नफा झाला तर त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, असा मोबदला घेण्याचा प्रघात आहे. शिक्षक बंधुभगिनींनी हा निवृत्तिवेतनाचा मुद्दा ध्यानात ठेवावा, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

अशा भांडवलाला हवी असते खात्रीची मिळकत. मंदी आली, तर माणूस मोटार घेणे पुढे ढकलतो, घरातले पाणी काढणे पुढे ढकलू शकत नाही. बिल भरायचे असते विमा कंपनीने किंवा सरकारने. आणि समुद्राचे पाणी तापत चालल्याने वादळांना बळ मिळते, पाऊस अधिक कोसळतो. म्हणजे गिऱ्हाईक कमी होण्याची भीती नाही. अंगावर काटा आणणारा हिशेब आहे खरा, पण हिशेब म्हणून त्यात चूक नाही. मोठ्या भांडवलामुळे शेकडो पंप एका दिवसात पूरग्रस्त गावी पोचतात, हेही मान्य केले पाहिजे.

कुरकुर आहे ती पैसा वरून खाली येताना कुठे मुरतो याबद्दल. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. उडालेल्या छपरांवर निळी ताडपत्री घालण्याचे काम सरकारने कंत्राटाने दिले. ताडपत्री सरकारचीच. वरच्या कंत्राटदाराला शंभर चौरस फुटांमागे १७५ डॉलर मिळत होते, आणि प्रत्यक्ष छपरावर चढणाऱ्याच्या हातात अवघे दोन डॉलरसुद्धा पडत, असे त्या वेळी तिथल्या वृत्तपत्रांनी छापले. ते कंत्राटदार खासगी भांडवल संस्थांचेच होते असे नव्हे. पण ही उतरंड ध्यानात आली, म्हणजे पुढची हकिकत समजते. ती आपल्याच माणसांची आहे.

कतरिना आणि पाठोपाठ आलेल्या रिटा वादळाने समुद्रातल्या तेलविहिरींचे फलाट मोडले. ते दुरुस्त करणारी सिग्नल इंटरनॅशनल नावाची कंपनी होती. दिवाळखोरीत निघालेल्या एका कंपनीच्या गोद्या विकत घेऊन गुंतवणूकदारांनी ती २००३ साली उभी केली होती. वादळांनंतर काम भरपूर आले, वेल्डर आणि पाइप जोडणारे मिळेनात. तेव्हा मुंबईतल्या भरती दलालामार्फत २००६-०७ मध्ये सुमारे ५०० भारतीय कारागीर तिकडे नेण्यात आले. प्रत्येकाकडून दहा ते वीस हजार डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेचार ते नऊ लाख रुपये, घेतले गेले. कोणी जमीन विकली, कोणी बायकोचे दागिने मोडले, कोणी व्याजाने काढले. कायमचे राहण्याचा परवाना मिळेल, असे सांगितले होते. हातात पडला तो काही महिन्यांचा तात्पुरता परवाना.

मिसिसिपीतल्या पास्कागूला आणि टेक्ससमधल्या ऑरेंज या गावी कुंपणाच्या आत छावण्या होत्या. एकेका खोलीत चोवीस-चोवीस माणसे, आणि त्या जागेबद्दल पगारातून महिन्याला १,०५० डॉलर कापले जात. राहायचे नसले तरी कपात चुकत नसे. कर्ज इतके, की परतही जाता येईना. बैलजोडीचा दाखला इथे मला नकोसा होतो, पण आठवतो.

मार्च २००८ मध्ये सुमारे शंभर जणांनी डोक्यावरची टोपी कारखान्याच्या फाटकाशी फेकून काम सोडले. तिथून ते न्यू ऑर्लिन्सला गेले, पुढे वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा नेला आणि तिथे उपोषणाला बसले. खटला सात वर्षे चालला. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर भरपाई ठरवली. कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि उरलेल्या दोनशेहून अधिक कामगारांसह दोन कोटी डॉलरची तडजोड करून लेखी माफी मागितली.

तुमच्या गावातला कोणी आयटीआय झालेला मुलगा परदेशी निघाला असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा. आपल्याकडे नोंदणी झालेल्या भरती दलालाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून अधिक घेता येत नाही. दलाल नोंदलेला आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट यादीत पाहता येते. पैशांची पावती घ्यावी. आणि ‘परवाना पुढे कायम होईल’ हे तोंडी सांगणे असेल, तर ते कागदावर मागावे.

आता शिक्षकांकडे वळतो. त्या सिग्नल कंपनीत मोठा हिस्सा होता तो आलाबामा राज्यातले शिक्षक आणि सरकारी नोकर यांच्या निवृत्तिवेतन निधीचा. शाळेत फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंना, आपल्या पगारातून दरमहा कापलेले पैसे पास्कागूलाच्या त्या छावणीत गुंतले आहेत, याची काय कल्पना असणार? कंपनी बुडाली, तेव्हा त्या निधीलाही मोठी खोट बसली.