लाल मणी सरकला की न्यूमोनिया

तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या दाईच्या हातात एक साधी वस्तू असते: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाची छाती वरखाली होते तशी ती श्वास मोजते. दहा झाले की एक मणी सरकवते. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

शंभरपर्यंतचे आकडे न येणाऱ्या बाईलाही निदान करता यावं, म्हणून गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने हे साधन घडवलं. साक्षर व्हा मग या, असं त्यांनी दाईला सांगितलं नाही. तिच्या हातांना जे येतं, तिथूनच सुरुवात केली.

दवाखान्याचंही तसंच. मोठी इमारत, पांढरे गणवेश, नातेवाइकांना बाहेर काढणं, या साऱ्याचा आदिवासींना धाक वाटायचा. मग 'सर्च'च्या शोधग्राम या परिसरात गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. आजारी लेकराजवळ घरची माणसं राहू शकतात, ही आईसाठी केवढी मोठी गोष्ट!

पुढे गावातल्याच बायका 'आरोग्यदूत' झाल्या. बाळंतिणीच्या घरी जाऊन त्या बाळाचं वजन करतात, ऊब देतात, जंतुसंसर्ग ओळखतात. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तुलनेच्या गावांपेक्षा इथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. नंतर सरकारनेही 'आशा'ताईंमार्फत नवजात बाळाची घरपोच काळजी देशभर सुरू केली.