कीटक-निवारणाचा धंदा : विचार करण्याजोगा एक मार्ग

रसायनशास्त्र घेऊन मुलगा बी. एस्सी. झाला म्हणजे आपल्या घरांतून पुढचा प्रश्न ठरलेला असतो : नोकरी कोठें मिळेल? बँक, शाळा, औषधांचा कारखाना अशीं चार दारें ठोठावून झालीं कीं वडील मंडळी हवालदिल होतात. पण त्याच मुलानें ‘मी कीटक-निवारणाचा, म्हणजे पेस्ट कंट्रोलचा, धंदा काढतों’ असें म्हटलें, तर माजघरापासून ओटीपर्यंत एकच गलका होतो. आजी म्हणते, जीवहत्येचा पैसा घरांत नको. वडील म्हणतात, इतकें शिकून ढेकूण मारणार काय? आई कांहीं बोलत नाहीं. पण मुलगा रोज विष हाताळणार या विचारानें तिचा जीव उडून जातो. हे तिन्ही आक्षेप विचारार्ह आहेत, व तिसरा तर सर्वांत मोठा आहे. म्हणून त्यांचा क्रमानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जीवहत्येचा आक्षेप घेऊं. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरीं पांच ‘सूना’ सांगितल्या आहेत : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पांच ठिकाणीं सूक्ष्म जीवांची हिंसा घडते हें स्मृतिकारांनीं मान्य केलें, व तिच्या परिहारार्थ पंचमहायज्ञ सांगितले; चूल विझवावी अथवा केर काढूं नये असें मात्र सांगितलें नाहीं. कौटिल्यानें तर अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत उंदरांची गणना अग्नि, जल, रोग व दुष्काळ यांच्या पंक्तीस, आठ दैवी महाभयांत केली आहे. त्यावर मांजरें व मुंगसें सोडण्याचा उपाय सांगून, तीं पकडणारास किंवा मारणारास बारा पणांचा दंडही ठेविला आहे. अन्नाचें व मनुष्याचें रक्षण हें ज्या शास्त्रानें राजाचें कर्तव्य मानलें, तें काम घरोघर जाऊन करणारास पापी म्हणणें शास्त्रास धरून होणार नाहीं.

दुसरा आक्षेप हलकेपणाचा. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची सांथ आली, तेव्हां गांवेंच्या गांवें ओस पडलीं व लोक रानांत झोपड्या घालून राहिले. या आठवणी अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतू पाहिले. आणि १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असें दाखविलें. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसनें कित्येक बळी घेतले. तो ताप उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून येतो. जें ज्ञान मिळविण्यास विद्वानांनीं आयुष्य वेंचलें, तें लोकांच्या उपयोगास लावणें हलकें कसें? हलकें होतें तें अज्ञानानें व अप्रामाणिकपणानें केलेलें काम. मग तो धंदा कोणताही असो.

आतां तिसरा आक्षेप. विष हाताळणें हें खरोखरच जोखमीचें आहे, व म्हणूनच सरकारनें हा धंदा कोणासही मोकळा ठेविलेला नाहीं. १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम यांप्रमाणें त्यास परवाना लागतो, व तो राज्याचें कृषिखातें देतें. परवान्यासाठीं कृषीची, अथवा रसायनशास्त्र हा विषय घेऊन मिळविलेली विज्ञानाची पदवी लागते. शिवाय मैसूरची केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था, हापूडची धान्य-साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पति-आरोग्य संस्था अशा ठिकाणचें निदान पंधरा दिवसांच्या शिक्षणाचें प्रमाणपत्र लागतें. म्हणजे ‘नुसती बी. एस्सी.’ म्हणून जिला नाक मुरडतात, तीच पदवी येथें प्रवेशपत्र ठरते.

विषाची जहालता ओळखण्याची सोयही कायद्यानें केली आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोनी खूण असते. तिचा खालचा अर्धा भाग तांबडा असला तर विष अतिशय जहाल, पिवळा असला तर जहाल, निळा असला तर मध्यम आणि हिरवा असला तर त्या मानानें सौम्य समजावें. ही खूण घरांतील प्रत्येक वडील माणसास ठाऊक असावी.

धान्य टिकविण्यासाठीं वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीविषयीं तर विशेष सावध राहिलें पाहिजे. हवेंतील ओलाव्यानें तिच्यांतून फॉस्फिन नांवाचा वायु सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलींत शिरतो, आणि त्यावर उतारा म्हणून कोणतेंही औषध नाहीं. एका घरांत ढेकणांसाठीं गोळ्या ठेविल्या व भिंतीपलीकडे झोपलेलीं मुलें दगावलीं, अशा बातम्या वृत्तपत्रांतून आलेल्या आहेत. असल्या धुरीच्या कामास केंद्र सरकारच्या वनस्पति-संरक्षण सल्लागाराची निराळी परवानगी लागते. राहत्या घरांत ही गोळी कोणी सुचविली, तर त्यास उंबऱ्यावरूनच परत पाठवावें.

यावरून या धंद्याचें मर्म ध्यानांत येईल. येथें विकावयाचें तें विष नव्हे, निदान होय. वैद्यकांत रोगाचें कारण टाळणें यास ‘निदानपरिवर्जन’ म्हणतात व तोच पहिला उपचार मानतात. कीटक-निवारकाचेंही तसेंच आहे. स्वयंपाकघरांतील लहान तांबूस झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी अंगाशीं वागविते. वरवर फवारा मारल्यानें कांहीं झुरळें मरतात व उरलेलीं अधिक खोल लपतात. पण फटींतून जेलचे बारीक ठिपके ठेविले, तर तें खाऊन झुरळ आपल्या बिळांत जाऊन मरतें, व त्याची विष्ठा खाणारींही मरतात. ढेकूण अन्नावांचून महिनेच्या महिने जगतो, आणि त्याच्या अंड्यांवर बहुतेक फवारे चालत नाहींत. म्हणून सुमारें पंधरा दिवसांनीं दुसरी खेप केल्याखेरीज तें काम पुरें होत नाहीं. वाळवी जमिनींतून मातीच्या नळ्या बांधून वर येते; केवळ लांकडावर औषध लावून भागत नाहीं, भिंत व जमीन यांच्या सांध्यांत साधारण तीस सेंटिमीटर अंतरावर भोकें पाडून मातींत औषध सोडावें लागतें. उंदीर नव्या वस्तूस बुजतो; म्हणून धीर धरावा लागतो, व बिळें आणि फटी बुजविल्यावांचून तर सारेंच व्यर्थ. डेंग्यूचा डांस कुंडीखालच्या ताटलींतील स्वच्छ पाण्यांत वाढतो. तेथें आठवड्यास एकदां ताटली कोरडी करणें हेंच औषध. ज्यास हें सर्व ठाऊक आहे तो थोडक्या विषांत काम उरकतो, आणि ज्यास ठाऊक नाहीं तो घरभर विष शिंपडतो.

आतां व्यवहाराकडे वळूं. यंत्रसामग्री फार लागत नाहीं : हातपंपाचे फवारे, जेलची पिचकारी, भोकें पाडण्याचें ड्रिल, हातमोजे, मुखवटे, चष्मे व गमबूट. औषधांसाठीं मात्र हवेशीर, कुलुपाची स्वतंत्र जागा हवी. राहत्या घराचा माळा त्यासाठीं कदापि वापरूं नये. एकेका घराच्या कामावर पोट भरत नाहीं. वार्षिक करार हाच या धंद्याचा कणा होय. गृहसंस्था, शाळा, रुग्णालयें, गोदामें हीं अशीं गिऱ्हाइकें आहेत. उपाहारगृहें व खाद्यपदार्थांचे कारखाने यांस तर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीनें कीटक-उंदरांचा बंदोबस्त ठेवणें भागच पाडलें आहे. पावसाळ्याच्या तोंडीं पंखांची वाळवी दिव्याभोंवतीं उडूं लागली, कीं घरोघरचीं बोलावणीं वाढतात. एरवीं कांहीं महिने सुने जातात, त्यांची तरतूद आधींच करावी.

मोहाचे प्रसंगही पुष्कळ येतात. परवाना नसलेला मनुष्य निम्म्या दरांत काम पत्करतो, तेव्हां औषध पातळ करून आपणही दर उतरवावा असें वाटूं लागतें. उलट, वास आला नाहीं तर औषध मारलेंच नाहीं असें गिऱ्हाईक समजतें, व त्याच्या समाधानासाठीं अधिक जहाल औषध मारण्याची इच्छा होते. तिसरा मोह मजुरांच्या बाबतींतला : मुखवटे व मोजे यांवरील खर्च वांचवावा, रिकामे डबे फोडून नष्ट करण्याऐवजीं भंगारांत द्यावे. त्या डब्यांत पुढें कोणी गरीब बाई पाणी भरील, हें मनांत आणलें म्हणजे या बचतीची खरी किंमत कळते. ज्या मुलाच्या अंगीं गिऱ्हाइकास ‘येथें औषधाची गरज नाहीं, नळाची गळती बंद करा’ असें सांगण्याचें धैर्य नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये.

घरांतील वडिलांस आमची सूचना अशी : मुलानें हा विषय काढला तर त्यास एकदम झिडकारूं नये, आणि एकदम पैसेही देऊं नयेत. एखाद्या परवानाधारक संस्थेंत त्यास एक वर्ष उमेदवारी करूं द्यावी. वाळवीच्या घरांत त्यानें स्वतः गुडघ्यांवर बसून भोकें पाडावींत. वर्षअखेर तीच हौस कायम राहिली, तर भांडवल द्यावें. पण तें कर्ज म्हणून, भावाभावांत पुढें वितुष्ट येऊं नये इतक्या स्पष्टपणें लिहून द्यावें. आणि एक अट तोंडी घालावी. ज्या खोलींत आपल्याच घरचें रांगतें मूल झोपतें, त्या खोलींत जें औषध व जितकें औषध तूं निःशंकपणें मारशील, तेंच व तितकेंच परक्याच्या घरीं मार. ही अट ज्यास जड वाटत नाहीं, त्याच्या हातीं हा धंदा देण्यास कोणत्याही घरानें संकोच करूं नये.